पायताणाचे दोन नंबर

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसवर लपवलेले डबे शोधण्याचा खेळ. त्यातल्या प्रत्येक ट्रॅकेबलला, म्हणजे डब्याडब्यांतून फिरणाऱ्या वस्तूला, दोन नंबर असतात. एक सगळ्या जगाला दिसतो. तो ‘टीबी’ने सुरू होतो आणि ट्रॅकेबलच्या पानावर छापलेला असतो. दुसरा फक्त त्या वस्तूवर कोरलेला असतो, आणि वस्तू हातात आल्याशिवाय तो वाचता येऊ नये अशी सगळ्या खेळाची मांडणी आहे. खाते क्रमांक आणि एटीएमचा पिन यांच्यात जो फरक, तोच इथे. पहिला नंबर टाकला की वस्तू कुठून कुठे फिरली ते वाचता येतं, त्यापुढे काही नाही. दुसरा टाकला की त्या वस्तूच्या नावावर नोंद करता येते: मी उचलली, मी पाहिली, माझ्याकडे आहे. माझ्या एका ट्रॅकेबलचा हा दुसरा नंबर एका फोटोतून बाहेर गेला. ते निस्तरता निस्तरता या खेळाची आतली यंत्रणा मला जेवढी कळली, तेवढी नुसते डबे शोधत फिरून कळली नसती.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद केली. तोवर शंभर मीटर इकडेतिकडे दाखवणारं यंत्र एका रात्रीत दहावीस मीटरवर आलं. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थाने ऑरेगॉनमध्ये पोर्टलंडजवळच्या जंगलात एक बादली पुरली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि शोधा म्हणून सांगितलं. आत वही-पेन्सिल आणि काही चिल्लर वस्तू. एखादी घ्या, एखादी ठेवा, वहीत नाव लिहा. आजही खेळ तोच आहे, फक्त बादलीच्या जागी प्लास्टिकचे डबे, फिल्मच्या डब्या आणि जर्मनीत ‘पेटलिंग’ म्हणतात ती बाटली होण्याआधीची जाड नळी आली. इथले जर्मन खेळाडू सरसकट ‘डोजं’, म्हणजे डबा म्हणतात, आणि आमच्या मराठी टोळक्यातही डबा हाच शब्द रुळलाय. मी राहते स्टुटगार्टला. १९६८पासून हे मुंबईचं जुळं शहर आहे, आणि मोटारींच्या कारखान्यांमुळे पुण्याकडची माणसं इथे ढिगाने.

ट्रॅकेबल म्हणजे त्या डब्यांतून प्रवास करणारी वस्तू. सर्वांत साधा प्रकार ट्रॅव्हल बग, म्हणजेच टीबी: सैनिकांच्या गळ्यात असतो तसा धातूचा टॅग, त्यावर पाठीवर बारकोडच्या रेघा असलेला किडा आणि खाली सहा अक्षरं-आकडे. तो मण्यांच्या साखळीने हव्या त्या वस्तूला अडकवायचा, वस्तूचं उद्दिष्ट पानावर लिहायचं आणि डब्यात सोडून द्यायची. ज्याला सापडेल त्याने ती उचलून पुढच्या डब्यात न्यायची. पाकिटात एकाच नंबरचे दोन टॅग येतात. एक फिरायला जातो, एक घरी राहतो.

माझ्या टॅगला मी अडकवलं होतं कोल्हापुरी चपलेचं कीचेन. माहेरी गेले की चप्पल लाईनीत फेरी होतेच, तिथूनच अंगठ्याएवढ्या चपलांचा एक जोड आणलेला. उजवी सोडली, डावी घरी ठेवली. ट्रॅकेबलचं नाव ‘पायताण’. पानावर लिहिलं की हिला महाराष्ट्रातल्या कुठल्याही डब्यापर्यंत पोचायचंय, घाई नाही, आणि शक्यतो पाऊस लागू देऊ नका, चामडं आहे. सोडण्यापूर्वी टॅगचा फोटो काढून ठेवला. आता कोणी विचारलं तर हे पहिलं सांगते, कारण कोड पुढे वारंवार लागतो.

सोडायला जागाही विचार करून निवडली. बिर्केनकोप्फ नावाची इथे एक टेकडी आहे. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या शहराचा राडारोडा तिच्यावर नेऊन टाकला, तेव्हा ती चाळीसेक मीटर उंच झाली. वर अजून कोरीव दगड, खांबांचे तुकडे पडलेले आहेत. मनातून मला तिथेच सोडायची होती. पण तिथे जवळ राहणारी माणसं फिरायला येतात, आणि वस्तू स्टुटगार्टातल्या स्टुटगार्टातच घुटमळते. म्हणून महामार्गाजवळच्या एका ‘टीबी हॉटेला’त ठेवली. हे म्हणजे खास ट्रॅकेबलसाठी ठेवलेले मोठे डबे. लांबच्या प्रवासाला निघालेले खेळाडू तिथे थांबतात, पाय मोकळे करतात, दोन ट्रॅकेबल टाकतात, दोन उचलतात. अंदाज बरोबर निघाला. पायताण आधी स्ट्रासबुर्गला गेलं, तिथून हॉलंडमध्ये, मग कोणाच्या तरी सुट्टीबरोबर नॉर्वेच्या किनाऱ्यावर.

प्रत्येक हालचालीची मला ईमेल यायची. कोणी फ्योर्डच्या काठावर चप्पल ठेवून फोटो काढलेला, कोणी स्वतःच्या राक्षसी बुटाशेजारी. ट्रॅकेबल सोडणाऱ्याला मिळतं ते एवढंच. वस्तू परत येत नाही, बक्षीस नाही, फक्त या नोंदी.

नोंदींचे प्रकार इथे समजून घ्यायला हवेत, कारण पुढची सगळी गंमत त्यांतच आहे. ‘रिट्रीव्ह’ म्हणजे डब्यातून उचलली. ‘ग्रॅब’ म्हणजे डब्यातून नव्हे तर दुसऱ्या खेळाडूच्या नावावरून स्वतःच्या नावावर घेतली. एकाने दुसऱ्याला हातोहात दिली की हे करायचं. ‘डिस्कव्हर’ म्हणजे पाहिली पण हलवली नाही. या तिन्हींना टॅगवरचा कोड लागतो. एकदा वस्तू तुमच्या नावावर आली की ‘ड्रॉप’ आणि ‘व्हिजिट’ करायला कोड लागत नाही. व्हिजिट म्हणजे मी अमुक डबा शोधला तेव्हा ही माझ्या खिशात होती. ड्रॉप आणि व्हिजिट केल्याने वस्तूचे किलोमीटर वाढतात. डिस्कव्हर केल्याने वाढत नाहीत, वस्तू होती तिथेच राहते. म्हणून डिस्कव्हरला बरेच जण निरुपद्रवी समजतात.

पायताण नॉर्वेहून परत हॉलंडमधल्या एका डब्यात आलं, तेव्हा डिस्कव्हरच्या नोंदी यायला लागल्या. एखाददुसरी असती तर काही वाटलं नसतं. डबा उघडला, चप्पल पाहिली, न्यायची नव्हती म्हणून ठेवली, असं होतं. पण या नोंदी करणारे एक पोर्तुगालचा, एक चेक, दोन अमेरिकन. मजकूर सगळ्यांचा शब्दशः सारखा: डिस्कव्हर करू दिल्याबद्दल आभार. त्या दिवसांत त्यांनी इतर कुठले डबे शोधले ते त्यांच्या पानांवर दिसत होतं, आणि त्यातला एकही हॉलंडच्या आसपासचा नव्हता. म्हणजे चप्पल कोणी पाहिलेली नव्हती. कोड पाहिलेला होता.

कुठे, ते शोधायला वेळ लागला. माझ्या ट्रॅकेबलच्या पानावरचे सगळे फोटो तपासले. कशातच टॅग वाचता येत नव्हता. नोंदींच्या मजकुरातही कोणी कोड लिहिलेला नव्हता. मग लक्षात आलं की ट्रॅकेबलचं पान वेगळं आणि डब्याचं पान वेगळं. चप्पल डब्यात टाकणारा माणूस डब्याच्या नोंदीत काय लिहितो, कुठला फोटो लावतो, हे ट्रॅकेबलच्या मालकाला कळवलं जात नाही. त्या डच डब्याच्या पानावर गेले आणि फोटोंच्या रांगेत तो सापडला. एक कुटुंब, सहलीला आलेलं, लाकडी बाकावर डब्यातल्या सगळ्या चिजा हौसेने मांडल्या होत्या. मधोमध पायताण, आणि टॅग असा सुरेख उजेडात ठेवलेला की सहाही अक्षरं पाठ व्हावीत. शेजारी आणखी तीन ट्रॅकेबल, त्यांचेही कोड स्वच्छ.

मला त्या माणसांचा राग आला नाही, आणि हे मोठेपणा म्हणून सांगत नाहीये. फोटो प्रेमाने काढलेला होता. नव्या खेळाडूला टॅगवरचा नंबर हीच त्या वस्तूची ओळख वाटते, आणि ती नीट दिसावी म्हणून तो उलट टॅग वळवून ठेवतो. कोड जाहीर करू नका हे खेळाच्या मदतपानांवर लिहिलेलं आहे, पण मदतपानं वाचून कोणी जंगलात जातं का?

अडचण अशी की तो फोटो मला काढता येत नव्हता. ट्रॅकेबलच्या पानावरच्या नोंदी मालकाला काढता येतात, मजकूर मात्र बदलता येत नाही. ठेवायची तर अख्खी, काढायची तर अख्खी. डब्याच्या पानावर तर माझा काहीच हक्क नाही. तिथे दोघांचंच चालतं: नोंद लिहिणाऱ्याचं आणि डब्याच्या मालकाचं. मी आधी त्या कुटुंबाला निरोप पाठवला. जर्मनीतले खेळाडू एकमेकांना ओळखदेख नसताना सरळ ‘दू’, म्हणजे ‘तू’ म्हणतात, अगदी आजोबांच्या वयाच्या माणसालाही, त्यामुळे असा निरोप लिहिताना अवघडल्यासारखं होत नाही. लिहिलं की फोटो फार छान आलाय, चपलेचा इतका छान कोणी काढला नव्हता, फक्त टॅगवरचा नंबर त्यात वाचता येतो आणि तो वाचून न पाहिलेली माणसं नोंदी करताहेत. नंबर झाकून पुन्हा लावाल का? शेजारच्या तिघांचेही दिसताहेत, तेही झाकलेत तर बरं. आणि निरोपात मी स्वतः कोड कुठेही लिहिला नाही. हे बारीक वाटेल, पण निरोप लोक पुढे पाठवतात.

उत्तर यायला काही दिवस गेले, मग नवा फोटो लागला. त्यांनी फोनमधल्या हायलायटरने नंबरावर काळी रेघ ओढली होती. मोठा करून उजेड वाढवला तर खालची अक्षरं पुन्हा दिसत होती. फोनमधलं ते पेन बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतं, आणि काळ्यावर काळं दोनतीनदा फिरवलं तरी थोडं झिरपतंच. पुन्हा लिहायला मला जिवावर आलं, पण लिहिलं. या वेळी त्यांनी फोटोच कापला. टॅग चौकटीबाहेर, चप्पल आत. हाच खरा उपाय आहे. धूसर करण्यापेक्षा कापणं चांगलं, आणि कापण्यापेक्षाही फोटो काढतानाच टॅगवर अंगठा ठेवणं किंवा टॅग पालथा करणं. मूळ फोटोतच नंबर नसेल तर पुढे लपवायचा प्रश्नच येत नाही.

तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं. ट्रॅकेबलच्या कोडांच्या याद्या फिरतात. जमवाजमवीची हौस असणारे पुष्कळ आहेत; प्रत्येक जातीच्या नाण्याचं (तोही ट्रॅकेबलचाच एक प्रकार), टॅगचं वेगळं चित्र असतं आणि ते आपल्या पानावर चिकटलं की बरं वाटतं. यादी मिळाली की चहा पितापिता शंभर डिस्कव्हर करून मोकळे. पायताण अशा एखाद्या यादीत गेलं असणार, कारण फोटो निघाल्यावरही नोंदी थांबल्या नाहीत. यादीतून नाव कसं काढणार? आणि धातूवर कोरलेला कोड बदलणार कसा?

डिस्कव्हरपर्यंत ठीक होतं. मग एके दिवशी ईमेल आली की पायताण ऑस्ट्रेलियात कोणीतरी ग्रॅब केलंय.

त्या वेळी चप्पल प्रत्यक्षात होती एका डच बाईंकडे. त्यांनी ती डब्यातून रीतसर उचललेली, पुढे डेन्मार्कला जायच्या होत्या. ऑस्ट्रेलियातल्या गृहस्थाने बहुधा यादीवरून डिस्कव्हर करायला घेतलं आणि भलतंच दाबलं. पण यंत्रणेला काय कळतं? कोड बरोबर म्हणजे वस्तू त्याच्या हातात. बाईंच्या नावावरून चप्पल गेली, त्याच्या नावावर बसली. आणि त्याच्या ॲपमध्ये आपोआप व्हिजिट करण्याची सोय चालू होती: तो जो डबा शोधेल, त्या प्रत्येकाला त्याच्याजवळच्या सगळ्या ट्रॅकेबलनी भेट दिली अशी नोंद आपली आपण होते. पहिल्याच व्हिजिटला नेदरलँड्समधून थेट ऑस्ट्रेलिया, म्हणजे हजारो किलोमीटर एका उडीत. मग रोज तिकडचे डबे. नकाशावर पायताणाची रेघ अर्ध्या पृथ्वीवरून गेलेली, आणि चप्पल आम्सटरडॅमजवळच्या कोणाच्या तरी दुचाकीच्या पिशवीत.

नवऱ्याने नकाशा पाहिला आणि म्हणाला, बरं झालं की, फुकटात ऑस्ट्रेलिया पाहून आली. त्याला या खेळात फक्त डब्यांपर्यंतच्या चालण्यात रस आहे.

डच बाईंचा निरोप आला की चप्पल माझ्या यादीत दिसत नाही, मी ती टाकू कशी? मी सांगितलं, टॅगवरचा नंबर घालून पुन्हा ग्रॅब करा, तुमच्या हातात आहे, तुमचाच हक्क. त्यांनी केलं. ऑस्ट्रेलियन गृहस्थालाही लिहिलं. तो सज्जन निघाला, ओशाळला, आणि त्याच्याकडून झालेली नोंद त्याने स्वतःच काढली. राहिल्या त्या आपोआप झालेल्या व्हिजिट. त्या एकेक करून काढाव्या लागतात. नोंद उघडायची, काढा म्हणायचं, खरंच काढू का याला हो म्हणायचं, परत मागे जायचं. एकदाच सगळ्या निवडून काढायची सोय मला तरी सापडली नाही. शेवटी मालकाला एक ‘अंतर पुन्हा मोजा’ असा पर्याय असतो, तो दाबला. किलोमीटर खाली आले आणि रेघ युरोपात परतली. मात्र क्रम महत्त्वाचा आहे: आधी वस्तू खऱ्या माणसाच्या नावावर आणायची, मग खोट्या नोंदी काढायच्या, मग अंतर मोजायचं. उलटं केलं तर तिकडे तो आणखी डबे शोधत असतो आणि इकडे आपण पाणी उपसत बसतो.

मग डिस्कव्हरच्या ढिगाकडे वळले. सगळ्या एकदम काढून टाकाव्यात असं पहिल्यांदा वाटलं, पण त्यांत खऱ्याही होत्या. नॉर्वेत खेळाडूंच्या एका मेळाव्यात चप्पल टेबलावर ठेवलेली होती, तिथल्या बऱ्याच जणांनी ती हातात घेऊन पाहिली होती. त्यांचं काय? त्यामुळे प्रत्येक नोंदीची तारीख, त्या दिवशी चप्पल कुठे होती आणि तो खेळाडू कुठे होता, हे ताडून पाहावं लागलं. बहुतेकांचा निकाल मिनिटभरात लागायचा. काहींचा लागलाच नाही, त्या ठेवल्या. संशयाचा फायदा, दुसरं काय.

एकाने नोंद काढल्यावर भांडणाचा निरोप पाठवला. म्हणणं असं की डिस्कव्हर म्हणजे पाहणं. मी फोटोत पाहिलं, कोड बरोबर घातला, मग तुमची हरकत काय? किलोमीटर वाढले नाहीत, वस्तू हलली नाही. युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, मी त्यावर बराच विचार केला. माझी हरकत अशी की ती नोंद मला ईमेलने येते आणि मी ती उघडते, कारण चपलेचं काहीतरी कळेल असं वाटतं. कुठे आहे, कशी आहे, साखळी तुटली का. त्यात काहीच नसतं. आणि पुढे चप्पल खरंच हरवली, तर शेवटी ती कोणी पाहिली हे शोधताना मला याच नोंदींवर अवलंबून राहायचंय. डब्यातून नाहीशी झालेली वस्तू ‘हरवली’ म्हणून नोंदवायची की नाही, हे लोक शेवटच्या डिस्कव्हरवरून ठरवतात. परवाच कोणी पाहिलीय म्हणजे आहे तिथेच, असा निष्कर्ष काढतात. खोटी डिस्कव्हर तिथे खरोखर नुकसान करते. मी त्याला हे लिहिलं, आणि लिहिलं की पायताण कधी तुमच्या हाताशी आलं तर जरूर नोंद करा, मला आनंद होईल. त्यानंतर उत्तर नाही.

कोड उघड असलेले ट्रॅकेबलही आहेत, हे इथे कबूल करायला हवं. गाडीच्या काचेवर लावायचे स्टिकर मिळतात, टीशर्टवर छापलेले मिळतात, आणि ते रस्त्यात दिसले की डिस्कव्हर करा असंच मालकाचं म्हणणं असतं. सर्वांत दूरचं उदाहरण मंगळावरचं. १८ फेब्रुवारी २०२१ला उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीवर कॅमेरा आणि उपकरणं जुळवून घेण्यासाठी एक छोटी पट्टी आहे, आणि तिच्यावरच्या एका चकतीवर ट्रॅकेबलचा कोड आहे. गाडीने पृथ्वीवर पाठवलेल्या छायाचित्रांत तो शोधायचा आणि डिस्कव्हर करायचा. तिथे हातात घेण्याचा प्रश्नच नाही, फोटोतून पाहणं हाच तिथला खेळ आहे. पण ते मालकाने ठरवलेलं आहे. आणि तिथेही शहाणा खेळाडू नोंदीत कोड लिहीत नाही. दुसऱ्याला छायाचित्र धुंडाळू द्या की.

या सगळ्यानंतर मी दुसऱ्यांच्या ट्रॅकेबलच्या नोंदी कशा लिहिते, त्यात फार मोठा बदल झालाय असं नाही. कोड जिथे विचारतात त्या चौकटीतच घालते, मजकुरात कधीच नाही. मजकुरात वस्तूचा उल्लेख करायचा झाला तर नावाने करते, आणि तेवढ्याने भागत नसेल तर ‘टीबी’वाला सार्वजनिक नंबर देते, तो त्यासाठीच आहे. काही जण कोड उलटसुलट अक्षरांत लिहितात, म्हणजे ए-च्या जागी एन, बी-च्या जागी ओ, जसं डब्यांच्या सूचनांसाठी वापरतात तसं. त्याला लपवणं म्हणत नाहीत. ती तेरा घरांची अदलाबदल सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि आकडे तर त्यात बदलतही नाहीत. कोड वाचताना शून्य की ओ असा घोळ झाला, तर लोक नोंदीतच मालकाला विचारतात, हा तुमचा का म्हणून. ते खाजगी निरोपात विचारावं, तेही टॅगच्या फोटोसह नव्हे, फक्त शंकेच्या अक्षराबद्दल. उदाहरणार्थ, चौथं अक्षर शून्य आहे का? मालकाकडे कोड असतो, तो सांगू शकतो.

मेळाव्यांचं मात्र मला अजून नीट सुचलेलं नाही. इथे जर्मनीत मेळाव्याला लोक पेटी भरून ट्रॅकेबल आणतात, टेबलावर ओतल्यासारखे मांडतात. येणारा प्रत्येकजण फोनने टॅगांचे फोटो काढत जातो, घरी जाऊन सावकाश डिस्कव्हर करतो. त्याने वस्तू पाहिलेली असते, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. पण तेच फोटो त्या रात्री न आलेल्या मित्रांच्या गटात जातात, आणि तिथून याद्या बनतात. मी माझ्या वस्तू टेबलावर ठेवत नाही. खिशात ठेवते, आणि बोलायला आलेल्याच्या हातात देते. चपलेची जोडी म्हणून घरी ठेवलेली डावीसुद्धा एकदा नेली होती, टॅगशिवाय. तिला कोल्हापूरहून आणलंय म्हटल्यावर एका आजींनी चामडं हुंगून पाहिलं आणि कुठल्या जनावराचं ते विचारलं. अशी विचारपूस टेबलावरच्या ढिगात होत नाही.

पायताणाच्या पानावर मी मराठी, जर्मन आणि इंग्रजीत एक ओळ वाढवलीय: फोटो जरूर काढा, टॅग पालथा ठेवून. तिचा उपयोग होतो, कारण टॅग हातात आल्यावर बरेच जण उद्दिष्ट काय आहे ते बघायला पान उघडतातच.

दोघातिघांनी सुचवलं की आता हा कोड बाद समज. घरातला दुसरा टॅग उपयोगाचा नाही, त्याच्यावर तोच नंबर. त्यामुळे नवं पाकीट घे, चप्पल नव्या टॅगला लाव आणि जुनं पान बंद कर. डच बाई तर डेन्मार्कात चप्पल कोणाला तरी देऊन टॅग बदलून घेण्याची व्यवस्था करायला तयार होत्या. मी नको म्हटलं. नव्या टॅगला नवं पान मिळतं, आणि त्यावर स्ट्रासबुर्ग नसतं, फ्योर्ड नसतो, राक्षसी बुटाशेजारचा फोटो नसतो. यादीतून येणाऱ्या नोंदी काढत राहणं हे महिन्यातून कधीतरी पाच मिनिटांचं काम आहे. त्याच्यासाठी मागचा सगळा प्रवास टाकून द्यायचा नाही.

सध्या चप्पल डेन्मार्कातल्या आर्हुसच्या बाहेरच्या एका डब्यात आहे. दक्षिणेकडे यायला निघाली होती ती आणखी वर गेली, पण घाई नाही असं मीच लिहिलंय. तिथे पोचल्यापासून आलेल्या डिस्कव्हरपैकी एक ठेवली, कारण त्या माणसाने लिहिलं होतं की डब्यात ओल आहे आणि त्याने चप्पल प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली. बाकीच्या काढल्या.